शेक देण्याआधी



आपल्या एका सभासदांची थोरली बहीण मुरबाड तालुक्यात दिली आहे. माळशेज उतरले, टोकावडे मागे टाकले की थोड्या अंतरावर आत वळायचे. घरची भातशेती, दोन म्हशी आणि बारा वर्षांचा मधुमेह. मागच्या एका पावसाळ्यात लावणी उरकली आणि ताईंचे गुडघे, घोटे, पोटऱ्या सगळे एकदम धरले. बाजाराच्या दिवशी त्यांनी एका औषधाच्या दुकानातून बामची बाटली आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. दुकानात गर्दी होती. पैसे घेतले, सुटे परत दिले, माल हातात ठेवला, एवढाच व्यवहार झाला. रात्री पायांना बाम चोळला, चुलीवरचे उकळते पाणी पिशवीत भरले आणि पिशवी पावलांशी घेऊन ताई झोपी गेल्या. सकाळी पाहतात तो डाव्या पावलाला पुढच्या बाजूला हा एवढा फोड! दुखत मात्र अजिबात नव्हते. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असे घरच्यांनी धरले आणि आठ दिवस हळद लावण्यात गेले. पुढे तीन महिने मलमपट्ट्या आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली.

मधुमेहाने ताईंच्या पावलांची जाणीव आधीच गेलेली होती. चटका बसत होता तेव्हा तो त्यांना कळलाच नाही. काउंटरवर एक वाक्य कुणी विचारले असते, ‘मावशी, साखर आहे का?’ तर ती बोटे आज जागेवर असती.

हे आम्ही त्या दुकानदाराला बोल लावण्यासाठी सांगत नाही. गर्दीच्या दिवशी आपणही ‘काहीतरी जालीम द्या हो लवकर’ असेच म्हणतो. पण या प्रसंगानंतर आम्हाला वाटले की शेक या साध्या गोष्टीवर एक पाठ लिहावा. शेक कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये, आणि औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टने या बाबतीत आपल्याला काय सांगणे अपेक्षित आहे, एवढाच विषय.

घाटाखालची गोष्ट घाटावरच्या साखर कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. एक तर आपल्या पुष्कळ लेकी तिकडे नांदतात, आपला भाजीपाला ओतूर, माळशेज, मुरबाड करीतच कल्याणला उतरतो. दुसरे म्हणजे कंबर आणि गुडघा यांना तालुका कळत नाही. कोयता घेऊन दिवसभर वाकणारा आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा आपला तोडणी कामगार, आणि गुडघाभर चिखलात आवण लावणारी तिकडची बाई, या दोघांचे दुखणे एकाच जातीचे. म्हणून आम्ही मुद्दाम चार दिवस मुरबाड आणि शहापुरात काढले, औषधाच्या दुकानांतल्या बाकड्यांवर बसलो आणि येणारी-जाणारी माणसे ऐकली.

हा मुलूख ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. शहापूर म्हणजे मुंबई-नाशिक रस्त्यावरचा, कसारा घाटाच्या पायथ्याचा तालुका. भातसा, तानसा ही धरणे तिथली, मुंबईला पाणी पाजणारी. मुरबाड त्याच्या दक्षिणेला. पाऊस शंभर इंचांच्या पुढेमागे, पीक भात, वरकस जमिनीवर नागली-वरी. जून-जुलैत लावणी सुरू झाली की बायामाणसे सकाळपासून अंधार पडेपर्यंत कंबरेत वाकलेली. पूर्वी पाठीवर इरले असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो, पण पाठ तीच. दिवाळीनंतर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे उकिडवे बसून विटा थापायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रेही आहेत. पण डोळखांबच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवरून निघालेल्या माणसाचा दवाखान्यापायी एक दिवस जातो आणि एक रोज बुडतो. गुडघा दुखतो एवढ्यासाठी तो रोज बुडवील कशाला? तो बाजाराला येतो तेव्हा औषधाच्या दुकानात डोकावतो. त्याच्या दुखण्याची चौकशी करणारा पहिला शिकलेला माणूस तिथेच भेटणार, भेटला तर.

आता मुद्द्याकडे वळू. शेकाने नेमके होते काय?

कातडीला ऊब लागली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या भागात रक्त जास्त फिरते. आखडून बसलेला स्नायू सैल पडतो. सांध्याभोवतालचे बंध जरासे ताणू लागतात, म्हणून सकाळी आखडलेली बोटे कोमट पाण्यात धरली की मूठ वळायला लागते. तिसरी गंमत मज्जातंतूंची. वेदनेची खबर पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाते, उबेची आणि स्पर्शाची खबरही त्याच वाटेने जाते. ही दुसरी खबर पहिलीला दारातच थोपवून धरते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेच्या या दरवाजाचा सिद्धांत मांडला. गुडघा आपटला की आपण तो न कळत चोळतो ते याचमुळे.

म्हणजे शेकात तथ्य आहे, आजीबाईचा बटवा म्हणून नाक मुरडू नये. कंबरदुखीवरच्या शेकाच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २००६ साली घेतला. नुकत्याच धरलेल्या कंबरेला शेकाने थोडा आणि थोड्या दिवसांपुरता आराम पडतो, आणि शेकाबरोबर हालचाल-व्यायाम ठेवला तर आराम वाढतो, असे त्यात दिसले. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली तर नव्या कंबरदुखीला गोळीच्या आधी शेक, मालीश असे उपाय करून पाहा, असा सल्ला दिला. झिजलेल्या गुडघ्यासाठी पुरावा इतका भक्कम नाही, पण उबेने बरे वाटते हे कोणताही म्हातारा माणूस सांगेल. मात्र झीज शेकाने भरून येत नाही आणि संधिवात शेकाने जात नाही. आराम मिळतो, त्या आरामात सांधा हलवून घ्यायचा, एवढेच त्याचे काम.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बाहेरून दिलेली ऊब कातडीच्या आत फार तर एक सेंटीमीटरपर्यंत पोचते, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी. मांडीच्या खुब्याचा सांधा तर खूपच खोल. ‘चांगला सणसणीत शेक दे, आतपर्यंत गेला पाहिजे’ असे आपण म्हणतो, पण जास्त कढत शेक जास्त आत जात नाही. तो वरची कातडी भाजतो आणि तिथेच थांबतो.

कातडी किती उष्णतेला भाजते हे १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी मोजले. ४४ अंश सेल्सिअसची वस्तू सुमारे सहा तास टेकून राहिली तर कातडी भाजते. ४९ अंशांना दहाएक मिनिटे पुरतात. ६० अंशांना पाच सेकंद. शेकाला लागते ती ऊब चाळीस ते पंचेचाळीस अंशांची, म्हणजे लहान मुलाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडी जास्त. आता ताईंच्या पिशवीतले पाणी चुलीवरून उतरवलेले, शंभर अंशांच्या जवळचे, आणि रबराखाली कापडाची एक घडीसुद्धा नाही. पुन्हा रात्रभर. हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणून शेकाची वेळ पंधरा ते वीस मिनिटे. दिवसातून दोन-तीनदा चालेल, पण मध्ये कातडी पूर्ववत होऊ द्यायची. मध्ये टॉवेलची घडी हवी. शेक घेता घेता झोपायचे नाही. दर पाच मिनिटांनी कापड उचलून कातडी बघायची. गुलाबी झाली तर ठीक, लालभडक किंवा पांढरट चट्टे दिसले तर थांबायचे. रोज महिनोन्महिने एकाच जागी शेक घेणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात. ते मळ नव्हे, उष्णतेने कातडी बिघडल्याची खूण आहे. काश्मिरात थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात, तिथे अशा डागांतून पुढे कातडीचा कर्करोग झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून नोंदली आहेत.

आपल्याकडचे घरगुती प्रकार आता पाहू. खडे मीठ किंवा बारीक वाळू तव्यावर कोरडी तापवून सुती फडक्यात बांधलेली पुरचुंडी हा सर्वांत स्वस्त शेक, आणि नीट दिला तर चांगलाही. पण तापलेले मीठ ६० अंशांच्या कितीतरी वर असते. पुरचुंडी दुहेरी फडक्याची करावी, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावी आणि एका जागी न ठेवता फिरवत राहावे. विटेचा शेक आम्हाला पसंत नाही. वीट उष्णता धरून ठेवते, हाच तिचा गुण लोक सांगतात आणि हाच तिचा दोष आहे. गोधडीत घेतलेली वीट पहाटेपर्यंत भाजत राहते. निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्यात फडके पिळून दिलेला ओला शेक कंबरेला छान लागतो. फडके मात्र घट्ट पिळलेले हवे, कारण ओल्या कपड्यातून उष्णता कातडीला पटकन लागते. रुईची पाने तेल लावून बांधतात. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तेव्हा पाने तोडलेला हात डोळ्याला लावू नये.

बिब्ब्याबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. सांध्यावर बिब्ब्याचे तेल लावले की फोड येतो, आणि ‘बिब्बा उतला, आता आतलं पाणी निघून जाईल’ अशी समजूत आहे. आतले काही निघत नाही. तो कातडीला झालेला रासायनिक भाज आहे, त्यातून जखम पिकते. तापल्या लोखंडाने डाग देणे हा तर उपचारच नव्हे. एका ठिकाणचे दुखणे विसरावे म्हणून दुसऱ्या ठिकाणी जास्त दुखवायचे, असा तो प्रकार. आणि जाता जाता: बाळंतिणीची शेकशेगडी बंद खोलीत ठेवू नये. कोळशाच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास देत नाही आणि आई-बाळ दोघांनाही झोपेत घेऊन जातो.

आता औषधाच्या दुकानाकडे. आपण ज्याला सरसकट ‘मेडिकलवाला’ म्हणतो त्यात दोन माणसे असू शकतात. एक दुकानाचा मालक किंवा हाताखालचा पोऱ्या, दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट. फार्मासिस्ट हा फार्मसीची पदविका किंवा पदवी घेऊन राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदलेला माणूस. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध त्यानेच द्यायचे असते. २०१५ साली आलेल्या फार्मसी व्यवसायाच्या नियमांत तर रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे त्याच्या कामातच धरले आहे. त्याने रोगनिदान करायचे नाही, मनाने इंजेक्शन टोचायचे नाही. पण विचारणे, समजावणे आणि गरज दिसली तर डॉक्टरकडे पाठवणे हे त्याच्या शिक्षणाचे काम आहे. गिऱ्हाईक आपण असलो तरी सल्ला मागण्याचा हक्क आपला आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

शहापुरात आम्ही ज्या दुकानात सर्वांत जास्त वेळ बसलो, तिथल्या फार्मासिस्ट बाईंची पद्धत आम्हाला आवडली. किन्हवलीकडचे एक गृहस्थ आले.

‘मॅडम, गुडघा लई दुखतोय. एखादी पावरची गोळी द्या.’

‘कधीपासून काका? पडलात-बिडलात का?’

‘पडलो नाय. दोन वर्षं हाय, चढउतार केला की जास्त.’

‘दोन्ही हात दोन गुडघ्यांवर ठेवा बरं. दुखरा गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागतो?’

काकांनी तिथेच धोतर सरसावून हात लावला. ‘नाय, सारखाच.’

‘सूज? ताप? साखर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी? पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, असं काही?’

नाही, नाही, नाही. मग बाईंनी त्यांना गोळी न देता पुरचुंडी कशी करायची ते सांगितले, वीस मिनिटे घड्याळ लावून, आणि शेकानंतर खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचा व्यायाम करून दाखवला. पंधरा दिवसांत फरक नसेल तर उपजिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. काका जरा हिरमुसलेच. सव्वाशे रुपयांची तयारी करून आले होते, शून्य रुपयांत परत चालले. आम्ही बाईंना म्हटले, ‘तुमचं गिऱ्हाईक गेलं की!’ त्या हसल्या. ‘शेकाचं बिल होत नाही हे खरंच. पण ते घरातल्या सगळ्यांची औषधं इथूनच नेतात.’

आम्हाला यात खरी अडचण दिसते ती हीच. बामला कमिशन आहे, गोळीला आहे, मिठाच्या पुरचुंडीला नाही. प्रश्न विचारायला वेळ लागतो आणि मागे पाच माणसे उभी असतात. त्यामुळे जो फार्मासिस्ट तरीही विचारतो त्याच्यावर चिडू नये. आपल्या पंचायती तो करीत नसतो, आपले पाय सांभाळत असतो.

बाईंच्या प्रश्नांमागचे कारण एकेक करून सांगतो. गुडघा गरम लागतो का, हे अशासाठी की सुजलेल्या, लाल, गरम सांध्यात आधीच आग पेटलेली असते. त्यावर शेक म्हणजे तेल. पायाचा अंगठा रातोरात लाल होऊन चादर लागली तरी ठणकतो, तो वातरक्ताचा प्रकार शेकाने बळावतो. एकाच सांध्यात अचानक सूज आणि थंडी वाजून ताप आला तर सांध्यात पू झालेला असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो. लहान मुलाचा एक सांधा बरा होऊन दुसरा धरतो आणि ताप येतो, हे हृदयावर जाणाऱ्या सांधेतापाचे लक्षण असू शकते.

मुरगळलेला घोटा, आपटलेले ढोपर, उसण भरताना ‘कट्’ आवाज झालेला स्नायू, यांना पहिले दोन-तीन दिवस शेक नाही. आत रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, उबेने सूज वाढते. तिथे गारवा हवा. वाडीवर बर्फ कुठून आणायचा, असे मुरबाडला एकाने आम्हाला विचारले. बर्फच लागतो असे नाही. माठातल्या पाण्यात फडके भिजवून ठेवावे, गरम झाले की पुन्हा भिजवावे, पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेपची पट्टी फार करकचून बांधू नये. बर्फ मिळालाच तर तोही उघड्या कातडीवर लावू नये. टेकवताच येत नाही इतका ठणका असला किंवा आकार बिघडला असला तर हाड मोडले असे समजून रुग्णालय गाठावे. चोळणाऱ्याकडे नेऊ नये.

साखर आणि मुंग्यांचे कारण ताईंच्या गोष्टीत आलेच. तेच कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातापायांना लागू आहे, आणि पक्षाघाताच्या अंगालाही. ज्या जागेला ऊब कळत नाही त्या जागेला शेक द्यायचाच नाही, दुसऱ्याने हात लावून पाहिले तरी नाही. कंबरेला चालेल, पावलांना नाही, असे स्पष्ट विचारून घ्यावे. एका पोटरीत अचानक दुखणे, सूज आणि टणकपणा आला, विशेषतः बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर पडून असलेल्या माणसाला, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिथे शेकही नाही आणि चोळणे तर मुळीच नाही.

पण लावणीच्या दिवसांत सर्वांत मोलाचा प्रश्न तापाचा. हे आम्ही मुरबाडमध्ये शिकलो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. जुलैमध्ये ज्याच्या-त्याच्या पोटऱ्या दुखतात, त्यात नवल ते काय? दिवसभर चिखलातून पाय उपसायचे म्हणजे दुखणारच. नुसते दुखत असेल तर संध्याकाळी कोमट पाण्याची बादली आणि झोप पुरे. पण पोटऱ्या दाबू देत नाहीत इतक्या दुखतात, सोबत सडकून ताप, डोकेदुखी, डोळे लाल, मग तो श्रमाचा थकवा नसून लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. खाचरातल्या पाण्यात उंदरांचे, गुरांचे मूत मिसळते, त्यातले जंतू भेगाळलेल्या पायांतून शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती, कोकणातल्या भातशेतीत तो दर पावसाळ्याचा पाहुणा आहे. पहिल्या दिवसांत डॉक्टरांकडे पोचले तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने माणूस बरा होतो. चार दिवस पोटऱ्या शेकत आणि तापाच्या गोळ्या खात काढले तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे धरतात. मुरबाडच्या एका फार्मासिस्टने आम्हाला सांगितले की लावणी सुरू झाली की पोटरीसाठी बाम मागणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारतो, ‘ताप आहे का?’ असेल तर बाम न देता चिठ्ठीवर ‘ताप, पोटऱ्या, शेतात काम’ असे चार शब्द लिहून ग्रामीण रुग्णालयात पाठवतो. त्या चिठ्ठीमुळे तिथे उभ्या उभ्या गोळ्या मिळण्याऐवजी रक्त तपासले जाते.

तापाबरोबर सगळे सांधे धरले तर चिकुनगुनिया आठवावा. २००६ साली त्याने महाराष्ट्रात गावेच्या गावे आडवी केली होती. डेंग्यूही असाच अंग मोडून काढतो, आणि डेंग्यूत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून तापात अंगदुखीची ‘पावरची गोळी’ मनाने घेऊ नये. आणखी एक. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात किंवा सांध्यांत दुखते म्हणून उठला, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर मण्यार चावली असेल असे धरावे. तिच्या दंशाला सूज नसते, खूणही दिसत नाही. शेक, पाला काही न करता १०८ ला फोन करावा.

कंबरदुखीत लघवी-शौचाचा ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातली ताकद जाणे ही त्याच दिवशी रुग्णालयात जायची लक्षणे. महिना-दीड महिना पाठ दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, तर मणक्याचा क्षय नाही ना हे तपासून घ्यावे. असे पाठीचे दुखणे शेकत बसल्याने वर्ष वाया जाते.

बामबद्दल बाईंनी सांगितलेली गोष्ट आम्हालाही नवी होती. बाम लावून त्यावर शेक द्यायचा नाही. बाममधल्या पुदिन्याच्या अर्काने थंडावा आणि हिरव्या तेलाने, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेटने, आग वाटते. त्यामुळे खरा चटका किती बसतो ते कळत नाही. शिवाय उबेने ते औषध कातडीतून जास्त शोषले जाते आणि फोड येतात. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असलेल्याने तर असा बाम फार्मासिस्टला विचारूनच लावावा. शेक आधी घ्यावा, कातडी निवू द्यावी, मग हवा तर बाम. ताईंनी नेमके उलटे केले होते, आणि आपल्यातल्या बहुतेक घरांत तसेच करतात.

गोळ्यांविषयी थोडेच लिहितो. वेदनाशामक गोळी वाईट नाही, पण उपाशीपोटी, रोज, महिनोन्महिने घेतली तर जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे झिजतात. उन्हात राबून पाणी कमी पडलेल्या माणसाला हा धोका जास्त. आपल्या शेतकऱ्यांना डायक्लोफेनॅक चांगले ठाऊक आहे. हेच औषध आपण बैलांना टोचत होतो, मेलेली जनावरे गिधाडे खात होती आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन आकाशातली गिधाडे नाहीशी झाली. २००६ साली सरकारने त्याचा जनावरांसाठीचा वापर बंद केला. त्याहून वाईट म्हणजे सुट्या गोळ्यांची पुडी. लाल, पांढरी, पिवळी, नाव नसलेली. तिने दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो, कारण तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. मग तोंड सुजते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. नाव छापलेल्या पट्टीतली नसेल ती गोळी घेऊ नये, आणि बिल मागावे.

रबरी पिशवी घरात असेलच तर ती दोन तृतीयांश भरावी, उरलेली हवा दाबून काढावी, उकळते पाणी न घेता त्यात गार पाणी मिसळून कोपर बुडवता येईल इतके करावे, झाकण लावून उलटी धरून गळते का पाहावे. रबराला भेगा दिसल्या किंवा दोनेक वर्षे झाली की टाकून द्यावी. विजेवर तापणारी जेलची पिशवी मिळते, तिची वायर काढल्याशिवाय अंगाला लावू नये. फुगलेली दिसली तर वापरू नये.

दुकानात गेल्यावर आधी दर्शनी भागात फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावले आहे ते पाहावे आणि ‘फार्मासिस्ट कोण, ते कधी असतात?’ असे सरळ विचारावे. ते दुपारी चारला येणार असतील तर बाकीचा बाजार उरकून चारला परत जावे. आपल्या चालू औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, नावे पाठ करायची गरज नाही. आणि त्यांनी विचारायची वाट न पाहता, साखर आहे का, ताप आहे का, सूज आहे का, पाय बधिर आहेत का, हे आपणच पहिल्यांदा सांगून टाकावे.